शब्दचर्चा : खारे वारे, आघाडी आणि विमानातून केलेले मापन

प्रश्न (ऐरोली) :
किनाऱ्यावरील शहराजवळचे खारे वारे आणि हवेचे प्रदूषण यांचे विमानातून मापन कसे करतात, यावर आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहीत आहे. मसुद्यात 'हवाई मापन', 'प्रदूषणाची पातळी' आणि 'परतीचे वारे' असे शब्द आले आहेत. 'खारे वारे' हा शब्द शाळकरी वाटतो, त्याऐवजी 'सागरी वारे' लिहावे, असे एका स्नेह्यांनी सुचवले. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर (ठाणे पूर्व) :
'खारे वारे' बदलू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. समुद्रावरून येणारा कोणताही वारा सागरी म्हणता येईल. नैऋत्य मोसमी वारेही त्या अर्थाने सागरीच आहेत. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा आत येते. रोज वाहणाऱ्या आणि रात्री दिशा पालटणाऱ्या या वाऱ्यांसाठीच 'खारे वारे' हा शब्द रूढ आहे, आणि 'मतलई वारे' ही त्याची जोडी आहे. पहाटे मतलई वाऱ्यावर समुद्रात जायचे आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परतायचे, हा शिडाच्या होड्यांचा क्रम या दोन शब्दांमागे उभा आहे.

मात्र 'खारे' म्हणजे 'स्वच्छ' असा अर्थ लेखातून निघू देऊ नये. ऐरोलीला दुपारी पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येणारा वारा आधी मुंबईवरून आणि मग ठाणे खाडीवरून आलेला असतो, पुढे तो ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यावरून पारसिकच्या डोंगराकडे जातो. शिवाय समुद्राची थंड हवा जमिनीलगत पाचरीसारखी शिरते आणि तिच्यावर उष्ण हवा राहते. या 'तापमान विपरीतते'मुळे खालचा धूर वर मिसळू शकत नाही. वारा सुटला म्हणजे हवा शुद्ध झाली, हे म्हणूनच दर वेळी खरे नसते.

या पाचरीच्या पुढच्या कडेला 'आघाडी' म्हणावे. हवामानशास्त्रात शीत आघाडी, उष्ण आघाडी हे शब्द रुळलेले आहेत. विमान किनाऱ्याला काटकोनात उडत ही आघाडी ओलांडते, तेव्हा समुद्राच्या बाजूला तापमान कमी आणि आर्द्रता अधिक भरते, वाऱ्याची दिशा बदलते, आणि प्रत्यक्ष आघाडीवर हवा वर उचलली जाताना आढळते. विमान गोल फेऱ्या घेत चढले की 'उंचीनिहाय आलेख' मिळतो. एका रेषेवरील असे अनेक आलेख शेजारी मांडले, तर त्याला 'उभा छेद' म्हणता येईल. दोन्हींना एकच शब्द वापरू नये.

'हवाई मापन' टाळावे. 'हवाई छायाचित्रण' वाचताना घोटाळा होत नाही, पण येथे ज्याचे मापन करायचे तीही हवाच असल्याने वाचक 'हवेचे मापन' असे समजेल. 'विमानातून केलेले मापन' लांब असले तरी निःसंदिग्ध आहे. 'मोजणी' नको, ती जमिनीची, मतांची.

'पातळी'चा प्रश्न अधिक नाजूक आहे. '५०० मीटर पातळीवर प्रदूषणाची पातळी' हे वाक्य वाचकाला अडवते. उंचीला 'उंची' म्हणावे आणि प्रदूषकांसाठी 'प्रमाण' किंवा नेमकेपणा हवा तेथे 'संहती' (ठरावीक घनफळातील प्रमाण) वापरावे : पीएम २.५ ची (हवेतील २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांची) २४ तासांची राष्ट्रीय मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, ती संहती होय. पीएमला वृत्तपत्रे 'धूलिकण' म्हणतात, पण त्यात काजळी आणि सल्फेटही असतात, म्हणून 'सूक्ष्मकण' बरे.

पूरक प्रश्न (ऐरोली) :
मनःपूर्वक आभार. 'परतीचे वारे' राहूनच गेले. आघाडीवर वर गेलेली हवा वरच्या थरातून पुन्हा समुद्राकडे वळते, त्यासाठी मी तो शब्द योजला होता.

उत्तर (वाशी) :
'परतीचे' म्हटले की आपल्याकडे परतीचा मान्सूनच डोळ्यांसमोर येतो. 'वरचा उलटा प्रवाह' असे लिहावे. या प्रवाहाबरोबर शहराचे प्रदूषक समुद्रावर जातात आणि काही वेळा दुसऱ्या दिवशीच्या खाऱ्या वाऱ्यांबरोबर परत येतात, हे सांगण्यासाठी एक परिच्छेद अवश्य ठेवावा, कारण जमिनीवरील केंद्राला वरचा थर दिसत नाही आणि विमान पाठवण्याचे मुख्य कारण तेच आहे. १९९९ च्या जानेवारी ते मार्चमधील 'इंडोएक्स' या हिंदी महासागरावरील हवेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत विमानांनी अरबी समुद्रावर समुद्रालगतच्या हवेच्या थराच्या वर, सुमारे ३ किलोमीटर उंचीपर्यंत, भूभागावरून आलेले धुरकट थर नोंदवले होते. त्यांना 'ढग' म्हणू नये आणि 'धुके'ही नको, कारण त्यांचा धूसरपणा मुख्यतः सूक्ष्मकणांचा होता. 'धुरके' हा प्रचलित शब्द तेथे नेमका बसेल.