आईला घेऊन सासवडला एक दिवस: काय पाहावं?

वारज्याची मावशी

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी आईला आणि भाच्याला घेऊन सासवडला जायचं मनात आहे. आई ७४ वर्षांची. गुडघे दुखतात, वीस-पंचवीस पायऱ्या कठड्याला धरून चढते, त्यापुढे नको म्हणते. भाचा सहावीत, त्याला किल्ला हवाच. जेजुरी, मोरगाव, नारायणपूर करताना आम्ही सासवडातून कितीदा गेलो असू, पण गावात कधी उतरलो नाही. सोपानदेवांचं दर्शन राहिलंय असं आई दरवर्षी आषाढात म्हणते. एवढ्यासाठी सबंध दिवस द्यावा, की जोडीला जेजुरीही करावी? गाडी आहे, भाऊ चालवेल.

हडपसरचा सायकलवाला

जेजुरीगडाच्या पायऱ्या आईंना झेपायच्या नाहीत, ते या वेळी सोडा. भाच्याला मल्हारगडावर न्या. सोनोरी गावातून अर्ध्या-पाऊण तासात वर पोचता, झेंडेवाडीकडून गेलात तर चढ आणखी कमी. पेशव्यांचा तोफखाना सांभाळणाऱ्या पानशांनी १७५७ ते १७६० च्या सुमारास बांधलेला हा किल्ला, मराठ्यांच्या किल्ल्यांत शेवटचा मानतात. लहानसा आहे, मुलाला तटावरून सगळा फिरवता येतो. सोनोरीत पानशांचा वाडाही आहे. गडावर सावली नाही, तेव्हा सकाळीच जा आणि पाणी घरून न्या.

अंजीरवाल्यांची लेक

मावशी, मी सासवडचीच. लग्नानंतर वीस वर्षं हडपसरला राहते, पण माहेरी अंजिराची बाग आहे, तोड चालू असली की शनिवारी-रविवारी मी तिकडेच असते. तुम्ही लिहिलंत ना, कधी उतरलो नाही, ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. जेजुरीला जाणारा, पुरंदरला जाणारा, बारामतीला जाणारा, सगळे आमच्या गावातून पुढे जातात. म्हणून सांगते, सबंध दिवस द्या. दुसरं काही जोडू नका.

वारज्याहून कोंढव्यामार्गे बोपदेव घाटानं या. घाट चढलात की बोपगाव, चांबळी, हिवरे. दोन्ही बाजूंना अंजीर, सीताफळ आणि वाटाण्याची रानं. आचार्य अत्र्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ चा, तो इथल्याच कोडीत गावचा. आईंना आवडत असतील तर पाटी दिसली की सांगा त्यांना.

पहिलं दर्शन सोपानकाकांचं. आम्ही सासवडकर सोपानदेवांना काकाच म्हणतो. माऊलींनी १२९६ मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधी घेतली आणि बरोबर महिन्यानं, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, धाकट्या भावानं इथे घेतली. माझी आई ७८ वर्षांची आहे, काठी टेकत अजून जाते. शनिवारी गर्दी बेताची असते. आईंना निवांत बसू द्या, त्यांच्या मागे घाई लावू नका. मंडपात कुणी ना कुणी हरिपाठ म्हणत असतं.

माऊलींची पालखी दिवे घाट चढून आली की सासवडला दोन रात्री मुक्काम असतो. त्या दोन दिवसांत आमच्या घरी ओसरीपासून माळवदापर्यंत वारकरी झोपलेले असायचे. आई पहाटे तीनला चूल पेटवायची, पिठल्याचं पातेलं दोघींनी मिळून उतरवावं लागायचं. मी भाकऱ्या मोजायला बसायचे आणि शंभराच्या पुढे मोजणं सोडून द्यायचे. माऊली मुक्कामाला असतानाच सोपानकाकांची पालखी पंढरीला निघते. थोरला भाऊ दारात आलेला असताना धाकटा निघतो, ते बघताना माझे वडील दरवर्षी रडायचे. आईंना हे नक्की सांगा, समाधीपाशी बसल्यावर सांगा.

मग संगमेश्वर. कऱ्हा आणि चांबळी नदीच्या संगमावर आहे, चांबळीला भोगावतीही म्हणतात. मार्चमध्ये नदीला पाणी फार नसतं, हे आधीच सांगून ठेवते. पण घाट, दीपमाळ, काळ्या दगडाचा मंडप आणि त्यातला नंदी, हे पाहायला पाणी लागत नाही. वर जायला पायऱ्या आहेत. आईंना जमेल तेवढ्या चढू द्या, नाहीतर घाटावरच बसवा, तिथूनही शिखर दिसतं. दुपारी दगड तापतो आणि अनवाणी चालवत नाही, म्हणून एकतर दहाच्या आत, नाहीतर पाचनंतर. मला विचाराल तर पाचनंतर. शाळा सुटली की आम्ही मैत्रिणी तिथेच बसायचो. पाखरं मंडपात परत यायची, कुणीतरी येऊन दिवा लावायचं, मग आम्ही घरी. पुढे कऱ्हेकाठी चांगावटेश्वर आहे, तेही देखणं, पण तिथेही पायऱ्या आहेत. एकाच दिवशी दोन्हीकडे गुडघ्यांना चढवू नका.

मधल्या वेळात पेशव्यांच्या कारभारात असलेल्या पुरंदऱ्यांच्या वाड्याचा दरवाजा आणि बुरूज बाहेरून पाहा. शनिवारवाडा पाहिलेल्या पोराला तिथे उभं करा आणि काही न सांगता विचारा, हे कशासारखं दिसतं. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये सासवडलाच वारले, शनिवारवाड्याची पायाभरणी त्यानंतर दहा वर्षांनी झाली. शाळेच्या पुस्तकात ही दोन वाक्यं दूरदूरच्या पानांवर असतात, इथे दरवाजासमोर ती एकत्र येतात.

पर्वती पायथा

भाच्यासाठी पुरंदर का नाही? गाडी माचीपर्यंत जाते, म्हणजे आईंनाही वर नेता येईल. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ ला तिथला. मुरारबाजींचा पुतळा आहे. ताबा लष्कराकडे आहे, त्यामुळे मोठ्या सगळ्यांची ओळखपत्रं हवीत आणि संध्याकाळी फार वेळ थांबू देत नाहीत.

अंजीरवाल्यांची लेक

पुरंदरला जाच, पण वेगळा दिवस काढून. १६६५ च्या वेढ्यात मुरारबाजी जिथे लढले ती जागा मुलाला घाईघाईत दाखवू नये. या खेपेला सकाळी मल्हारगड पुरे.

वारज्याची मावशी

ताई, दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन शंका आहेत. अंजीर तेव्हा मिळतील का, आणि चांगले कसे ओळखायचे? आम्ही पुण्यात घेतो ते दुसऱ्या दिवशी आंबतात.

अंजीरवाल्यांची लेक

मिळतील. आमच्याकडे दोन बहार. खट्टा बहार पावसाळा सरल्यावर, हिवाळ्याच्या तोंडाला येतो, त्याला गोडी कमी. मीठा बहार फेब्रुवारी-मार्चपासून उन्हाळ्यात, तोच खरा. तुम्ही बरोबर वेळेला येताय. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ओळखायची रीत आजीपासूनची आहे. झाडावर पिकलेलं अंजीर मान टाकतं, देठाशी वाकून खाली लोंबतं. रंग तांबूस-जांभळा आणि साल इतकी पातळ की बोट लागलं तर डाग पडतो. देठाशी ताठ आणि हिरवट असेल तर घेऊ नका. आंबा आढीत पिकतो, पण अंजीर तोडलं की त्याची गोडी तिथेच थांबते. पुण्याला न्यायचं म्हणून थोडं कच्चं तोडतात, म्हणून तुम्हाला ती चव कधी मिळाली नाही.

आणि आंबतात कारण अंजिराला धीर नाही. आम्ही उजाडायच्या आत तोडायला लागतो, उन्हं वर यायच्या आत पाट्या भरल्या पाहिजेत. पानं खरखरीत, देठाचा चीक हाताला लागला की खाज सुटते आणि कातडी सोलते, म्हणून ऐन उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो. आईचे हात मी लहानपणी बघायचे, बोटांच्या पेरांवर चिरा, त्याला ती रात्री खोबरेल तेल लावायची. एवढं करून दुपारपर्यंत माल विकला गेला नाही तर भाव पडतो. म्हणून रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसलेल्या बाईशी फार घासाघीस करू नका, एवढी विनंती. आजची तोड आहे का, एवढंच विचारा, ती खरं सांगेल. वरचा थर बघून घेऊ नका, खालचं एक दाखवायला सांगा. आणि त्याच दिवशी खा.

परत जाताना दिवे घाट धरा. उतार लागायच्या आधी मस्तानी तलाव खाली दिसतो. गाडी वळणावर उभी करू नका, सुरक्षित जागा मिळाली तरच थांबा.

वारज्याची मावशी

काल जाऊन आलो. भाऊ आणि भाचा आधी मल्हारगडावर गेले, आम्ही दोघी सोपानकाकांपाशी दीड तास बसलो. थोरला दारात असताना धाकटा निघतो, हे मी समाधीपाशीच सांगितलं. आई काही बोलली नाही, पदर डोळ्यांना लावला. मग तिथल्या एका आजींबरोबर ती हरिपाठ म्हणत बसली. आजींना पुढचं आठवेना की ही सांगायची, हिला आठवेना की त्या. संगमेश्वराला पाचनंतर गेलो. आई दहा पायऱ्या चढली आणि तिथेच टेकली. भाच्यानं वाड्यासमोर शनिवारवाडा ओळखला, मी काही सांगायच्या आधी.

अंजीर दोन किलो घेतले. बाईंनी स्वतःच खालचं काढून दाखवलं. घाट संपेपर्यंत निम्मे संपले. आईनं विचारायला सांगितलंय, सीताफळाला कधी यायचं?

अंजीरवाल्यांची लेक

मावशी, आईला फोनवर वाचून दाखवलं सगळं. ती म्हणाली, पुढच्या वेळी मावशींच्या आईंना घरी घेऊन ये.

सीताफळ जूनअखेरीपासून येऊ लागतं, पण तुम्ही ऑगस्टमध्ये या, पाऊस नीट झाला तर कऱ्हेलाही पाणी असेल. घेताना डोळे उघडलेलं बघा, दोन डोळ्यांमधली रेघ पिवळसर झालेली असली पाहिजे. ते दोन दिवस घरात ठेवलं तरी पिकतं, अंजिरासारखी घाई नाही.