चुका झाकल्याने विश्वास टिकतो?

जमाखर्च: काल या चर्चेत 'शांतपणे' या टोपणनावाने कोणी लिहिलं, "संस्थेने आपल्या चुका चव्हाट्यावर आणू नयेत. आतल्या आत चौकशी करा, संबंधिताला घरी बसवा, विषय संपवा." वाचून राहवलं नाही. १९८२ साली शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड भरलं, ७ जण गेले. कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. नवा माल आला तो चिकटवलेलं खोकं, बाटलीच्या मानेला प्लास्टिकची पट्टी आणि तोंडावर सील लावून. गिऱ्हाईक परतलं.

शांतपणे: सोयीचं उदाहरण! तिथे गुन्हा बाहेरच्याचा होता. दोष स्वतःचा असला की कबुलीचा प्रत्येक शब्द कोर्टात पुरावा होतो. वकील गप्प बसायला सांगतात ते उगाच नाही.

जमाखर्च: बरं, टायलेनॉल सोडा. बोइंग कंपनीचं ७३७ मॅक्स हे विमान घ्या. त्यातली एमकॅस ही संगणक प्रणाली विमानाचं नाक आपोआप खाली दाबायची, तेही दोनपैकी एकाच सेन्सरच्या भरवशावर. वैमानिकांच्या पुस्तिकेत तिची माहितीच नव्हती. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९, दोन अपघात, ३४६ माणसं. मग जगभरची विमानं जमिनीवर. गप्प बसून काय वाचलं?

खिडकी ४: मोठ्या अपघातांवर भांडताय, विश्वास रोज मरतो तो तक्रारीच्या खिडकीवर. 'जादा माहिती मागवली' असा शेरा मारला की मुदतीचं घड्याळ थांबतं. ऐन कामाच्या वेळी फोनची एक रिंग द्यायची, 'संपर्क झाला नाही' लिहायचं, तक्रार बंद. माणूस परत आला की नवा क्रमांक, म्हणजे एका दुखण्याच्या दोन 'निकाली' तक्रारी. सरासरी दिवस छापू नका. सगळ्यात जुनी प्रलंबित तक्रार किती दिवसांची आणि बंद केलेल्यांपैकी किती पुन्हा उघडल्या, हे छापा. आणि तक्रारदार 'हो' म्हणेपर्यंत बंद करू नका.

शांतपणे: मग काही तक्रारी जन्मभर उघड्या राहतील. खिडकीवरच्या माणसाच्या हातात ना अधिकार, ना पैसा. त्यालाच का वेठीला धरता?

खिडकी ४: त्याला नाहीच धरायचं! तक्रारदाराची संमती नसेल तर फाईल वरच्या, त्या प्रकरणाशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्याकडे जावी. बंद करायची तर त्याने लेखी कारण देऊन, स्वतःच्या सहीने करावी. आणि "संबंधिताला घरी बसवा" हे वाक्य तुमचंच ना? खिडकीवाल्याचा हा कळवळा काल कुठे होता?

जमाखर्च: घरी बसवण्याच्या भीतीनेच माणसं चुका लपवतात. अमेरिकेत नासा १९७६ पासून वैमानिकांकडून चुकांचे अहवाल घेते आणि नावं काढून टाकते. अजाणता नियम मोडला, अपघात झाला नाही आणि १० दिवसांत कळवलं, तर सहसा दंड होत नाही.

शांतपणे: नावं काढून असेल तर ठीक, घरी बसवण्याचं वाक्य मागे घेतो. पण चौकशी चालू असताना जाहीर बोलायला माझा विरोध कायम आहे. अर्धवट माहितीवर लोक निष्कर्ष काढतात.

जमाखर्च: ते तुम्ही गप्प असलात तरी काढतातच. तीन ओळी पुरतात: काय कळलंय, काय कळलं नाही, पुढची माहिती कोणत्या तारखेला. त्या तारखेला हाती काही नसेल तर 'अजून काही नाही' एवढं तरी लिहा, पण तारीख चुकवू नका.