मदत हवी आहे: भावाचा स्किझोफ्रेनिया आणि आईने माळ्यावर टाकलेला गहू

मंडळी, धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा. लांबलाय, पण काही गाळलं तर नीट सल्ला मिळणार नाही.

माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. शेजारचे भिंतीपलीकडून माझ्याबद्दल बोलतात, टाकीच्या पाण्यात काहीतरी मिसळतात, असं सुरू झालं होतं. ओलान्झापीन ही गोळी चालू केल्यावर दीड-दोन महिन्यांत आवाज मागे पडले. आता तो सोलापूरला आईजवळ असतो, मामाच्या दुकानाचा हिशेब बघतो आणि मुख्य म्हणजे आमच्याशी बोलतो. मी पुण्यात.

गोळीची दुसरी बाजू म्हणजे भूक. दिवाळीत गेले होते तेव्हा रात्री दोनला स्वयंपाकघरात उजेड दिसला. हा ओट्याला टेकून पोळीला तूप-साखर लावून सुरळ्या खात होता. डब्यात सकाळसाठी नऊ पोळ्या ठेवल्या होत्या, एक उरली होती. मला बघून ओशाळला. म्हणाला, "ताई, पोट भरतं गं, पण भूक जात नाही." तीन वर्षांत वजन ६२ वरून ८१ किलो. उपाशीपोटी साखर ११८, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

आता मूळ मुद्दा. महिन्याभरापूर्वी एका नातेवाइकाने आईला व्हिडिओ पाठवला. म्हणे हा आजार डोक्याचा नाहीच, आतड्याचा आहे. गहू बंद करा, सहा महिन्यांत गोळ्या सुटतात. आईने दुसऱ्याच दिवशी गव्हाचा डबा माळ्यावर टाकला. तेव्हापासून दोन्ही वेळ ज्वारीची भाकरी. एवढ्यावर थांबली असती तर मी धागा काढला नसता. पण गावातल्या एका आहार सल्लागाराने नायसिनच्या, म्हणजे बी३ जीवनसत्त्वाच्या, मोठ्या डोसच्या बाटल्या दिल्यात आणि "गोळी हळूहळू अर्धी करा" असं तोंडी सांगितलंय. चिठ्ठीवर अर्थात काही नाही. बाटली अजून उघडलेली नाही आणि गोळी पूर्ण चालू आहे, असं आई म्हणते. मी फोनवर पाकिटातल्या गोळ्या मोजायला लावल्या, हिशेब जुळला.

आईवर चिडताही येत नाही. परवा तिने विचारलं, "तो पोटात होता तेव्हा मला काहीच पचत नव्हतं. पाच महिने नुसत्या चहा-बटरवर काढले. त्याचंच हे असेल का?" आजार खाण्यातून आला असेल तर दोष तिचा, पण मग उपायही तिच्याच हातात. हा सौदा तिला मंजूर आहे. मला तो मोडायचाय, पण तिला न दुखावता.

थोडं वाचलं, तर गोंधळ वाढला. फ्रान्सिस डोहान नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी १९६६ साली मांडलं होतं की दुसऱ्या महायुद्धात ज्या देशांत गव्हाचा खप घटला तिथे या आजाराने दवाखान्यात दाखल होणाऱ्या बायकाही घटल्या. म्हणजे व्हिडिओतलं सगळंच हवेतलं नाही. नेदरलँड्समधल्या १९४४-४५ च्या दुष्काळात गर्भात असलेल्या मुलांना पुढे हा आजार जास्त झाला, असंही आहे. हे आईला सांगायची माझी हिंमत नाही.

तर विचारायचं हे की गहू बंद राहू द्यावा का? नायसिन देण्यात काय धोका? आणि मनोविकारतज्ज्ञांना न विचारता निव्वळ खाण्यापिण्याच्या बाजूने कोणत्या तपासण्या करून घेता येतील? "डॉक्टरांना विचारा" हा सल्ला नको, भेट बावीस तारखेला आहे. तिथे मला नेमके प्रश्न घेऊन जायचंय.

प्रतिसाद १

मी याच शाखेत काम करतो, पण पेशंट न पाहता लिहितोय हे लक्षात ठेवा.

ताई, आधी नायसिन. बाटली तशीच बंद ठेवा. मोठ्या डोसने यकृताला त्रास होऊ शकतो आणि रक्तातली साखरही वाढते. ११८ असलेल्या माणसाला हे कोण देतं! नायसिनने स्किझोफ्रेनिया बरा होतो या कल्पनेचा उगम कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये, १९५० च्या दशकात. हॉफर आणि ऑस्मंड या दोन डॉक्टरांनी ती चालवली. पुढच्या चाचण्यांत ती टिकली नाही आणि १९७३ साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या समितीने ती नाकारली. मात्र ती अगदी आकाशातून पडली नव्हती. नायसिनच्या अभावाने पेलाग्रा होतो, त्यात कातडी काळवंडून सोलते, जुलाब होतात आणि माणूस भ्रमिष्ट होतो. तिथे नायसिन दिलं की खरोखर गुण येतो. गंमत म्हणजे आपल्याकडे दख्खनमध्ये पेलाग्रा दिसायचा तो ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांत. हैदराबादच्या पोषण संस्थेत डॉ. गोपालन यांनी त्याचा अभ्यास केला होता. तुमच्याकडे भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणे असणारच, त्यामुळे घाबरू नका. पण गहू वाईट आणि ज्वारी औषधी, असं सरळ गणित नाही एवढं आईंना सांगा.

गव्हाबद्दल. काही रुग्णांच्या रक्तात ग्लायाडिन या गव्हातल्या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी इतरांपेक्षा जास्त सापडतात, त्यामुळे डोहान यांचा प्रश्न पूर्ण मेलेला नाही. पण त्यावरून सगळ्यांचा गहू बंद करायचा आधार मिळत नाही. शंका असेल तर सिलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं बिघडण्याचा आजार) रक्ततपासणी करा. इथे एक मेख आहे: ती गहू खात असतानाच करावी लागते. महिनाभर बंद असेल तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. साधारण सहा आठवडे रोज, आणि दिवसातून एकाहून जास्त वेळा गहू खाऊन मगच रक्त द्या.

बाकी बी१२, थायरॉइड, लिपिड, यकृताची तपासणी. तीन वर्षांपूर्वी सेरुलोप्लाझ्मिन (रक्तातलं तांबं वाहणारं प्रथिन) तपासलं होतं का बघा. तरुण मुलात विल्सनचा आजार, म्हणजे शरीरात तांबं साठणं, कधीकधी भ्रम होण्यापासूनच सुरू होतो आणि त्याचा उपचार वेगळा असतो. हात थरथरणं, बोलणं जड होणं असं काही असेल तर जास्तच. बी१२ तर आपल्याकडे बघायलाच हवं. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली छापलेल्या अभ्यासात मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांचं बी१२ कमी निघालं होतं. वजनासाठी डॉक्टरांनी मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध सुचवलं तर तेही लांब पल्ल्यात बी१२ खाली आणतं, म्हणून आत्ताचा आकडा हाताशी असू द्या.

आणि साखरेचा सगळा दोष गोळीला देऊ नका. हेन्री मॉड्स्ली या इंग्लंडमधल्या मनोविकारतज्ज्ञांनी १८७९ सालीच लिहून ठेवलंय की वेडाचा आजार असलेल्या घराण्यांत मधुमेह पुष्कळदा दिसतो. तेव्हा यातली एकही गोळी अस्तित्वात नव्हती. अजून औषध सुरू न झालेल्या नव्या रुग्णांतही साखरेचा बिघाड सापडतो. चयापचय आणि हा आजार यांचं काहीतरी नातं आहे. आधी कोण, मागून कोण, हे अजून सुटलेलं नाही.

प्रतिसाद २

आई काय म्हणाल्या ते वाचून गलबलून आलं. नेदरलँड्सचं खुशाल सांगा, पण पूर्ण सांगा. तिथे माणशी रोज हजार कॅलरीसुद्धा मिळत नव्हत्या. इतकं होऊनही धोका दुप्पट झाला, म्हणजे शंभरात एकाच्या जागी दोन. अठ्ठ्याण्णव जणांना काही झालं नाही. चहा-बटर म्हणजे दुष्काळ नव्हे.

दुसरं, गोळी अर्धी करण्याबद्दल. माझे यजमान बरे वाटायला लागल्यावर स्वतःच कमी करत गेले. तीन महिने छान गेले, मलाही वाटलं जमलं. चौथ्या महिन्यात टीव्हीवर चादर टाकून बसले, कारण बातम्या देणारी बाई आमच्या घरातली नावं घेत होती. पुन्हा जागेवर यायला वर्ष लागलं.

भुकेसाठी आमच्याकडे चाललेलं सांगते. रात्रीचा पोळीचा डबा माझ्या खोलीत. ओट्यावर ताक, काकडी आणि फुटाणे उघडे ठेवलेले. दर रविवारी शिंप्याच्या टेपने कंबर मोजायची आणि कॅलेंडरवर लिहायची. भांडण वजनावर न होता टेपवर होतं, ते बरं पडतं. पुण्यात आहात तर स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटाची चौकशी करा. सोलापुरात आईंना रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, मराठीत बोलतात.

प्रतिसाद ३

कीटो करा, म्हणजे भात-पोळी जवळपास बंद आणि तूप-तेलावर भर. स्टॅनफर्डने सिद्ध केलंय. गोळ्याबिळ्या सगळ्या धंदा आहे.

प्रतिसाद १ (पुन्हा)

सिद्ध नाही हो. २०२४ चा तो अभ्यास २१ जणांचा, चार महिन्यांचा, तुलनेला दुसरा गट नव्हता. त्यातले बहुतेक बायपोलरचे (मन कधी फार चढणं, कधी फार खचणं हा आजार) होते आणि सगळ्यांची औषधं चालू होती. वजन-साखर सुधारली, मनाचीही स्थिती सुधारल्यासारखी दिसली, म्हणून मोठ्या चाचण्यांची मी वाट बघतोय. पण गोळ्या धंदा म्हणणाऱ्यांनी तो अभ्यास गोळ्यांसकट झालाय एवढं तरी वाचावं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. नायसिनची बाटली माझ्याकडे मागवून घेतली. सेरुलोप्लाझ्मिन तेव्हा झालंच नव्हतं, ते बावीस तारखेच्या यादीत पहिलं. अठ्ठ्याण्णवचा आकडा आईला सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बटरपण शिळे असायचे." तेवढंच.

सिलिअ‍ॅकच्या तपासणीसाठी गहू परत सुरू करायचा म्हटल्यावर तिने स्टूल लावून डबा खाली काढला. आज भावाने दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. आई व्हिडिओ कॉलवर उलथनं हातात धरून विचारतेय, तपासणीसाठी किती लागतात? वाढू का?