६/६ दिसतं, तरी गरगरतं

प्रश्न असा की नजर ६/६, एमआरआय नॉर्मल, तरी लोकलमध्ये मोबाइल वाचताना गरगरतं आणि भुवईवर ठणकतं, ते का. ६/६ म्हणजे एकेका डोळ्याची नजर; दोन्ही एका रेषेत आहेत का, हे अक्षरांचा तक्ता सांगत नाही. छुपा तिरळेपणा (बाहेरून न दिसणारा, डोळे एका रेषेत नसण्याचा कल) असेल तर स्नायू तो दिवसभर ओढून सावरतात. वर-खालचा फरक जास्त जाचतो, कारण मेंदू तो जेमतेम २-३ प्रिझमपर्यंतच (प्रिझम म्हणजे हा फरक मोजायचं एकक) सांभाळतो.

घरी एवढंच पाहा: एक डोळा झाकून वाचल्यावर बरं वाटतं का? वाटलं तर ऑर्थॉप्टिस्टकडून (दोन्ही डोळ्यांचा मेळ तपासणारे तज्ज्ञ) कव्हर टेस्ट (डोळे आळीपाळीने झाकून) आणि मॅडॉक्स रॉड (रेघाळ भिंगातून दिवा पाहून) या तिरळेपणाच्या तपासण्या करून घ्या, जवळची आणि लांबची दोन्ही.

त्याआधी चष्मा तपासा, खरा घोळ बरेचदा तिथेच असतो. ५ नंबरच्या एका भिंगाचा मध्य बुबुळापासून २ मिमी वर-खाली सरकला की १ प्रिझम आपोआप तयार होतो! नाकावरून घसरणारी, वाकडी फ्रेम असली की हे हमखास. चष्म्यात प्रिझमचं भिंग लागलंच तर ते ट्रायल फ्रेममध्ये (तपासणीच्या तात्पुरत्या चष्म्यात) अर्धा तास घालून, चालून, मगच भिंगं बनवा.

अचानक दोन-दोन दिसलं, पापणी पडली किंवा बोलणं अडखळलं तर चष्मेवाला नको, थेट इस्पितळ.