चर्चा: सोलची जपानी गव्हर्नर-जनरलची कचेरी पाडली, ते योग्य होतं का?

ओसरी:
जपानने १९१०ला कोरिया खालसा केला आणि सोलमधल्या कोरियन राजांच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या आवारातच, दरबाराच्या तोंडासमोर, १९२६मध्ये घुमटाची दगडी कचेरी उभी केली. १५ ऑगस्ट १९९५ला, जपानपासूनच्या मुक्तीला ५० वर्षं झाली त्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष किम यंग-साम यांच्या सरकारने क्रेनने घुमटाचा कळस उतरवला. पुढच्या वर्षी इमारत भुईसपाट. मला हे पटत नाही. १९४८ला दक्षिण कोरियाच्या प्रजासत्ताकाची घोषणा याच इमारतीसमोर झाली होती. परक्यांच्या खुणेबरोबर आपलीही पुसली.

उंबरठा:
साफ असहमत. कचेरी नुसती बघू नका, ती बसवली कशी ते बघा. तिच्यासाठी ग्वांगह्वामुन हे राजवाड्याचं महाद्वार मूळ जागेवरून हलवलं. पुढे कोरियन युद्धात ते जळलं. १९६८ला परत बांधलं ते काँक्रीटचं, आणि राजवाड्याच्या रेषेत नव्हे, या कचेरीच्या रेषेत, किंचित तिरकं. स्वातंत्र्याला २३ वर्षं झाली तरी राजधानीचा दरवाजा परक्यांच्या ओळंब्याने लागत होता! २०१०मध्ये तो लाकूड आणि ग्रॅनाइटमध्ये मूळ जागी, मूळ दिशेला उभा राहिला. कळसही टाकून दिलेला नाही. चोनान शहरातल्या स्वातंत्र्य स्मारकात तो खोल खड्ड्यात ठेवलाय, वरून वाकून बघावा लागतो.

माजघर:
दगडांचा निकाल लावणं त्यातल्या त्यात सोपं. माणसांचा लागलाच नाही. जपानधार्जिण्यांच्या चौकशीसाठी १९४८ला कायद्याने समिती नेमली. तिने जपानी अंमलात तयार झालेल्या बड्या पोलीस अधिकाऱ्यांना हात घातला, तर ६ जून १९४९ला पोलिसांनीच समितीच्या कचेरीवर धाड घातली. त्याच वर्षी समिती गुंडाळली. म्हणून ‘कोण आपला, कोण त्यांचा’ हा प्रश्न कोरियन राजकारणात आजही धगधगतो. २००९च्या जपानधार्जिण्यांच्या कोशात ४,३८९ नावं आहेत, त्यात माजी राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-हीसुद्धा. इमारत पाडून यातलं काहीही मिटलं नाही.

ओसरी:
हेच म्हणतोय. सोलचं १९२५चं रेल्वे स्टेशनही जपान्यांचंच, ते राखलं, आज तिथे सांस्कृतिक केंद्र आहे. सोदेमुनचा तुरुंगही राखला. मग कचेरीनेच काय घोडं मारलं होतं?

उंबरठा:
तुरुंगात कोरियन स्वातंत्र्यसैनिक मेले, म्हणून तो त्यांचा. स्टेशन कुणाच्या उरावर बांधलेलं नव्हतं. कचेरी होती.