मदत हवी आहे : चेन्नईच्या मेसॉनिक इन्स्टॉलेशनला जायचंय

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा, फ्रीमेसन (फ्रीमेसनरी या जुन्या बंधुसंघटनेचा सभासद) आहे. चेन्नईतल्या एका लॉजच्या (संघटनेच्या स्थानिक शाखेच्या) वार्षिक इन्स्टॉलेशनचं, म्हणजे नव्या मास्टरला (लॉजच्या प्रमुखाला) खुर्चीवर बसवण्याच्या समारंभाचं, आमंत्रण आलंय. एग्मोरचा तो १९२५ सालचा फ्रीमेसन्स हॉल आतून बघायला मिळणार, याचा आनंद फार मोठा आहे. परराज्यातल्या लॉजमध्ये मात्र पहिल्यांदाच पाहुणा म्हणून जातोय.

आमचं लॉज १९६१ मध्ये स्थापन झालेल्या ग्रँड लॉज ऑफ इंडिया या शिखर संस्थेचं. बोलावणारं लॉज इंग्लिश कॉन्स्टिट्यूशनचं (म्हणजे इंग्लंडच्या ग्रँड लॉजखालचं), त्या वेळी भारतीय ग्रँड लॉजमध्ये न गेलेल्यांपैकी. अशा ठिकाणी एप्रन (सभेत कमरेला बांधायचं मेसॉनिक वस्त्र) आपलाच घालायचा, एवढं माहीत आहे. सर्टिफिकेट आणि वर्गणी भरल्याची पावती बरोबर घेतोय. पण आमच्या सेक्रेटरींचं पत्र आधी पाठवावं लागतं का? दारावर टायलर (लॉजचे द्वाररक्षक) काय काय विचारतात? (जे इथं लिहिण्यासारखं नाही ते कृपया लिहू नका, तेवढं पथ्य सगळ्यांनीच पाळूया.)

सौ. पण येणार आहेत. सभा चालू असताना घरच्या मंडळींची बसायची सोय असते, की त्यांनी थेट जेवणालाच यायचं?

प्रवास हरिप्रिया एक्स्प्रेसनं तिरुपतीपर्यंत, दर्शन घेऊन पुढं चेन्नई, असा विचार आहे. तिरुपतीहून सामानासकट बस बरी की रेल्वे? यजमानांसाठी आपला गूळ नेतोय. ढेप दमट हवेत पाझरू नये म्हणून कशी बांधायची, तेही जाणकारांनी सांगावं.