मदत हवी आहे: एसएमएस गेटवेची (एसएमएस पाठवणाऱ्या सेवेची) एक सेटिंग बदलायला दर वेळी नवा जार (ॲपची तयार फाइल)

धागाकर्ता: स्प्रिंग बूट ३ (जावात ॲप बनवायची चौकट), जावा १७. गेटवेचा यूआरएल, एपीआय की, सेंडर हेडर, डीएलटी टेम्प्लेट आयडींची (एसएमएसच्या नोंदवलेल्या मजकुरांच्या क्रमांकांची) यादी आणि टाइमआउट, सगळं जारमधल्या ॲप्लिकेशन डॉट वायएमएलमध्ये आहे. ॲट-व्हॅल्यू (सेटिंग कोडमध्ये आणणारी खूण) १४ ठिकाणी विखुरलंय. कीजची (सेटिंग्जची) नावं आणि मांडणी तशीच ठेवून हे बाहेरून बदलता येईल का? जारशेजारी कॉन्फिग फोल्डर करून फाइल ठेवली. ॲप हातानं चालवलं की ती वाचली जाते, सिस्टीमडीतून (लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या प्रणालीतून) नाही.

उत्तर १: तो फोल्डर जारच्या शेजारी शोधला जात नाही. प्रोसेस ज्या फोल्डरातून सुरू होते, तिथे शोधला जातो. सिस्टीमडीची सर्व्हिस काही सांगितलं नाही तर थेट रूटवरून सुरू होते. युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणाऱ्या फाइलीत) वर्किंग-डिरेक्टरी लिहा, किंवा स्प्रिंग-कॉन्फिग-ॲडिशनल-लोकेशनला पूर्ण पाथ द्या. फोल्डर देत असाल तर शेवटी स्लॅश हवाच. आणि 'ॲडिशनल' गाळू नका. नुसतं 'लोकेशन' दिलं की जारमधली फाइल वाचलीच जात नाही.

बाहेरच्या फाइलीत बदलणाऱ्या कीज तेवढ्याच ठेवा, बाकीच्या जारमधून येतात. अपवाद याद्यांचा. जारमध्ये ६ टेम्प्लेट आयडी आणि बाहेर १ लिहिला, तर हाती १च उरतो, कारण यादी अख्खी बदलली जाते. ती पूर्णच लिहा.

खातेक्रमांक शून्यानं सुरू होत असेल तर अवतरणात टाका, नाहीतर ०१२ ला वायएमएल अष्टमान समजून १० करतो. मग गेटवे 'खातं चुकीचं' म्हणतो आणि आपण नेटवर्क तपासत बसतो.

धागाकर्ता: वर्किंग-डिरेक्टरी दिली, फाइल वाचली जातेय. यूआरएल मात्र जुनाच येतोय.

उत्तर २: युनिटमध्ये त्याच कीचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोसेसला बाहेरून दिलेलं मूल्य) असणार. तो कुठल्याही फाइलीला भारी पडतो. काढून टाका, डेमन-रिलोड करून (म्हणजे सिस्टीमडीला युनिट फाइल पुन्हा वाचायला लावून) रीस्टार्ट करा.

धागाकर्ता: होता! आता रीस्टार्टही टाळता येईल का?

उत्तर २: येईल, पण आधी रीस्टार्ट किती सेकंदांचा आहे ते बघा, १५-२० सेकंद चालत असतील तर इथेच थांबा.

नसतील तर स्प्रिंग क्लाउडचा स्टार्टर आणि ॲक्च्युएटर घ्या, त्यांचा रिफ्रेश एंडपॉइंट (सेटिंग्ज पुन्हा वाचायला लावणारा पत्ता) उघडा आणि फाइल बदलली की त्याला पोस्ट रिक्वेस्ट पाठवा. उत्तरात बदललेल्या कीजची नावं येतात. रिकामी यादी आली तर फाइल चुकीच्या जागी आहे किंवा मजकूर बदललेलाच नाही. ॲट-व्हॅल्यू बीन (स्प्रिंग सांभाळतो तो ऑब्जेक्ट) तयार होताना एकदाच भरली जाते, म्हणून ती वापरणाऱ्या बीन्सवर रिफ्रेश-स्कोप (रिफ्रेशनंतर बीन नव्यानं बनवणारी खूण) लागेल.

टाइमआउट हमखास सुटतो. तो रेस्ट-टेम्प्लेट (गेटवेला रिक्वेस्ट पाठवणारा ऑब्जेक्ट) बनताना त्याच्या आत जातो, तेव्हा रेस्ट-टेम्प्लेट देणाऱ्या बीन-मेथडवरही रिफ्रेश-स्कोप लावा.

उत्तर १: तो एंडपॉइंट वेगळ्या मॅनेजमेंट पोर्टवर लोकलहोस्टपुरता बांधा. बाहेरच्या फाइलीत एपीआय की आहे, तेव्हा त्या फाइलीची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) आणि मालक सर्व्हिसचाच युजर.